सासऱ्यांचा नंबर सुनेच्या फोनमध्ये

प्रश्न

ठाण्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ४८, नौपाड्यात राहतात, शाळेत शिकवतात. घरात मिस्टर, कॉलेजला जाणारी मुलगी आणि ७९ वर्षांचे सासरे. सासरे वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. पेन्शन अगदीच तुटपुंजी, पण फंडाचे पैसे बँकेत आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना 'गॅसचं बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन तोडू' असा मेसेज आला. सोबतची फाइल त्यांनी उघडली आणि खात्यातून अठरा हजार रुपये गेले. तेव्हा घरात ठरलं की बाबांचा जुना नंबर ई-सिम, म्हणजे वेगळ्या कार्डाशिवाय चालणारं सिम, करून सूनबाईंच्या फोनमध्ये ठेवायचा आणि बाबांना नवा नंबर घालून बटणांचा साधा फोन द्यायचा. तेव्हापासून बँकेचे ओटीपी ताईंकडे येतात, बिलं त्या भरतात. बाबांच्या जुन्या मित्रांचे फोनही त्यांच्याकडेच वाजतात.

यंदा गणपतीत नेरुळहून नणंद आली. बाबांचं पासबुक चाळताना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पाठवलेल्या चाळीस हजारांवर तिचं बोट थांबलं. "बाबांना विचारलं होतं का?" एवढंच ती म्हणाली, पण सगळ्यांसमोर. ताईंना ते फार लागलं. मिस्टर म्हणतात, "डिलीट कर ते सिम आणि मोकळी हो." ताई विचारतात: ते काढलं तर नंबर बंद पडेल का? बँकेचं काय होईल? आणि आत्ता काढलं तर माझ्याच मनात खोट होती, असं नाही का दिसणार?

उत्तर

ताई, आज रात्री ते ई-सिम काढू नका. महिनाभरात जरूर काढा. काढायलाच हवं, असं माझंही मत आहे. पण रागाच्या भरात नको, आणि सगळ्यात पहिलं काम म्हणून तर मुळीच नको.

आधी तुमचा साधा प्रश्न घेते. ई-सिमची चिप फोनमध्ये कारखान्यातच बसवलेली असते. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर मोबाइल कंपनी त्या चिपमध्ये तुमच्या नंबरची प्रोफाइल उतरवते. 'डिलीट' दाबलं की ती प्रोफाइल फोनमधून जाते, नंबर मात्र जात नाही. तो कंपनीच्या दप्तरी बाबांच्याच नावावर राहतो. पोस्टपेड असेल तर बिल येतच राहतं, प्रीपेड असेल तर रिचार्जचे दिवस आपले सरत राहतात. किल्ली खाडीत फेकली म्हणून घर विकलं जात नाही, तसं आहे हे. फरक एवढाच पडतो की तो नंबर आता कुठेच वाजत नाही. बँकेला याचा पत्ता नसतो. ती त्याच नंबरवर ओटीपी पाठवत राहते आणि तो कोणालाच मिळत नाही.

परत बसवायचं म्हटलं तर जुना क्यूआर कोड सहसा चालत नाही, कंपनीकडून नवा घ्यावा लागतो. तिथेच माणसं अडकतात. घरबसल्या मागणी करायची तर एसएमएस त्याच नंबरवरून पाठवायचा असतो, खातरजमाही त्याच नंबरवर होते, आणि तो तर आपण आत्ताच पुसलेला असतो. मग ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. म्हणजे तुमचा राग शांत होईपर्यंत ७९ वर्षांच्या माणसाला गोखले रोडच्या गर्दीतून रांगेत उभं करायचं.

नंबर तसाच पडू दिला तर आणखी वाईट. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला नाही आणि त्यात किमान २० रुपये शिल्लकही नसले, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. बँकेत मात्र तो बाबांच्या खात्याला जोडलेलाच असेल, तर त्यांचे मेसेज कोणा अनोळखी माणसाच्या फोनवर पडतील. वर्षाच्या प्लॅनचे पैसे वाचवायला जुनं सिम नुसतं सोडून देणाऱ्या सगळ्यांनीच हे ध्यानात ठेवावं.

तंत्राचं एवढं पुरे. तुमच्या पत्रात मला दुसरंच काही खटकलं. दोन पानांच्या पत्रात नणंद काय म्हणाली ते आहे, मिस्टर काय म्हणाले ते आहे, मुलीचं मतही आहे. बाबा काय म्हणाले ते कुठेच नाही. नंबर त्यांचा, पैसे त्यांचे, डोळा त्यांचा. ऑपरेशनच्या पैशांबद्दल त्यांना विचारलं होतं की नाही, याचं उत्तरही तुम्ही दिलेलं नाही. "त्यांच्याच ऑपरेशनसाठी तर होते" एवढंच लिहिलं आहे. ते खरं आहे, आणि तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण नणंदेच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे. तिने 'पैसे कुठे गेले' असं विचारलं नव्हतं, 'बाबांना विचारलं का' असं विचारलं होतं. भर गणपतीत, चारचौघांत विचारलं हे चुकलंच. पण तो प्रश्न तिच्या तोंडून जरा बाजूला काढून बघा. तो बराचसा रास्त आहे.

बाबांचा नंबर तुमच्याकडे आल्याने चोर दूर राहिले हे कबूल. त्याबरोबर काय गेलं, तेही पाहायला हवं. तुम्हीच लिहिलंय की त्यांच्या जुन्या मित्रांचे फोन तुम्हाला येतात आणि तुम्ही 'घरी गेल्यावर सांगते' म्हणता. तुम्ही सकाळी शाळेत जाता, तास चालू असताना फोन उचलत नाही. म्हणजे वागळे इस्टेटच्या दिवसांतला एखादा सोबती दुपारी बाराला फोन करतो तेव्हा बाबा घरात बटणांचा फोन समोर ठेवून बसलेले असतात, आणि तो फोन वाजतच नाही. कारण नवा नंबर घरच्यांखेरीज कोणाकडेच नाही. तलावपाळीला संध्याकाळी भेटणारे चारजण सोडले, तर बाकीच्यांसाठी बाबा दोन वर्षं सुनेमार्फत बोलताहेत. हे कोणी मुद्दाम केलं नाही. अठरा हजार गेल्यावर घाबरलेल्या घराने घाईत काढलेला तो तोडगा होता. पण तात्पुरता तोडगा दोन वर्षं चालला की त्याची वहिवाट होते.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या हिताची. नंबर माझ्याकडे आहे म्हणून सगळं सुरक्षित आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. उद्या त्या खात्यात खरोखर गडबड झाली तर काय? फसवणुकीत ग्राहकाची जबाबदारी किती, हे रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलं, ते असं. बँकेचीही चूक नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा फसवणुकीची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला दिली, तर ग्राहकावर तोशीस येत नाही. पण ग्राहकाने आपला पासवर्ड, ओटीपी दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं त्याने सोसायचं. बँकेच्या लेखी बाबांचे ओटीपी दोन वर्षं 'दुसऱ्याच्या' हातात आहेत. तो दुसरा म्हणजे सख्खी सून आहे, याला त्या कागदावर काही अर्थ नाही. आणि घरात? नणंद आज चाळीस हजारांवर थांबली. उद्या बाबांना काही झालं आणि खात्याचा हिशेब निघाला, तर प्रत्येक नोंदीपाशी तुमचा फोन उभा असेल.

म्हणून म्हणते, ई-सिम काढणं म्हणजे हार नाही. पण डिलीट करून ते मिटणारही नाही. ते जिथलं आहे तिथे परत द्यायचं.

परत दिलं की पुन्हा कोणी लुबाडेल, ही तुमच्या मनातली भीती मला ऐकू येतेय. त्यावर माझा उलटा प्रश्न असा: बाबांच्या खात्याला ओटीपीची गरज लागतेच कशाला? ते यूपीआय वापरत नाहीत. ऑनलाइन खरेदी करत नाहीत. विजेचं बिल, गॅसचं बिल, औषधं हे सगळं तुम्ही करता आणि तेवढ्यासाठी त्यांचं खातं इंटरनेटला उघडं आहे. ती बिलं तुमच्या मिस्टरांच्या खात्यातून भरा आणि बाबांना वाटत असेल तर ते महिन्याला चेकने पैसे देतील. मग बँकेत लेखी अर्ज देऊन त्यांचं इंटरनेट बँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्या. एटीएम कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवण्याची, मर्यादा कमी करण्याची सोय बँकांना द्यावीच लागते, ती वापरा. फंडाचा मोठा भाग मुदत ठेवीत आणि बचत खात्यात दोन-तीन महिन्यांच्या खर्चापुरतं, एवढं केलंत की चोराने गोड बोलून ओटीपी मागितला तरी देण्यासारखा ओटीपी येणारच नाही. ओटीपी सांभाळायला घरात माणूस नेमण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि त्या चोरीच्या दुसऱ्याच दिवशी हे करता आलं असतं.

बटणांच्या फोनचा मोठा फायदा असा की त्यात कसलीही ॲपची फाइल उतरत नाही. बाबांना फसवलं ते त्या फाइलने. मात्र फोनवरून दमदाटी करणारे त्यावरही येतात. 'पोलीस बोलतोय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' म्हणणारे म्हाताऱ्यांनाच गाठतात. अशी कुठलीही अटक आपल्या कायद्यात नाही. हे बाबांना एकदा नीट बसून सांगा आणि फोनच्या मागे १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर चिकटवून ठेवा.

आता पर्याय. जुना नंबर साध्या सिमकार्डावर परत घेऊन बाबांच्या फोनमध्ये घालणं, हा मला सगळ्यात पसंत आहे. बहुतेक बटणांच्या फोनमध्ये दोन सिम बसतात, तेव्हा नवा नंबरही राहू दे. माझी एक जादा सूचना: बँकेत आता तो नवा नंबर नोंदवा. जुना नंबर गेली वीसेक वर्षं किती फॉर्मांवर, किती दुकानांच्या वह्यांत लिहिला गेलाय देव जाणे. चोरांच्या याद्यांत तोच असणार. तो गप्पांसाठी राहू दे. बँकेचा नंबर घरच्यांखेरीज कोणाला ठाऊकच नाही, ही दोन वर्षांत नकळत झालेली चांगली गोष्ट आहे, ती वाया का घालवायची? फक्त त्या नंबरचं रिचार्ज चुकू देऊ नका. नंबर बदलायला शाखेत फॉर्म भरावा लागतो. सत्तरीपुढच्या ग्राहकांना ठरावीक सेवा घरपोच द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत यातलं काय मिळतं ते विचारा. आधार आणि पीएफच्या पेन्शनला जोडलेला नंबर तूर्त जुनाच राहिला तरी बिघडत नाही, कारण तो चालूच राहणार आहे.

दुसरा पर्याय, ई-सिम मिस्टरांच्या फोनमध्ये हलवायचं. सुनेपेक्षा मुलाकडे असलेलं नणंदेला कदाचित चालेल. मला नाही चालणार. त्यात फक्त पहारेकरी बदलतो.

तिसरा पर्याय बाबांनी स्वतःच "राहू दे तुझ्याकडे, मला ती कटकट नको" म्हटलं तरचा. तेही होऊ शकतं आणि तो त्यांचा अधिकार आहे. मग ते तुमच्या खाजगीत नको. नणंदेच्या कानावर त्यांनीच घालावं. बँकेत मिस्टरांच्या किंवा तुमच्या नावाने खातं चालवण्याचं अधिकारपत्र द्यावं, नाहीतर खातं जोडीचं करावं. जोडीचं करताना एक बघा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलंत तर दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलंत तर बाबा आहेत तोवर खातं तेच चालवतात. घरात कुजबुज सुरू झालेली असताना मी दुसरं निवडेन. आणि दर महिन्याला छापलेलं पासबुक बाबांच्या हातात द्या, नणंद नेरुळहून येईल तेव्हा नाही.

कुठला पर्याय, ते बाबांना विचारूनच ठरवा. पण 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारू नका. त्या पिढीचे सासरे "तुम्ही बघा काय ते" म्हणतात आणि आपण ती संमती समजतो. नेमकं विचारा. दिवसा कोणाचे फोन आलेले आवडतील? बँकेचा मेसेज आला तर स्वतः वाचायचा आहे का, आणि अक्षरं दिसतात का? ऑपरेशनचे पैसे पाठवले तेव्हा सांगायला हवं होतं का? तिसरा प्रश्न तुम्हाला जड जाईल. तो टाळू नका.

मग दुकान. बाबांना आधार कार्ड घेऊन स्वतः जावं लागेल, म्हणून सकाळी दुकान उघडतानाच जा. दोन गोष्टी आधी पाहून ठेवा. नंबर जिओचा असेल तर तो जुन्या २जी फोनमध्ये चालत नाही, ४जीवाला बटणांचा फोन लागतो. आणि नवं कार्ड तीन मापांत तुटतं, तेव्हा फोनमधली जागा बघूनच तोडा. कार्ड चालू झालं की तुमच्या फोनमधलं ई-सिम आपोआप मुकं होतं. त्यानंतर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येत-जात नाहीत. चोराने परस्पर सिम बदलून घेतलं तर त्याच्या हाती लगेच ओटीपी लागू नयेत, म्हणून हा नियम आहे. त्यामुळे पेन्शनची तारीख, ठेवीची मुदत, डॉक्टरांची भेट असा कुठलाही दिवस निवडू नका. सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडेही नेता येत नाही, तेव्हा कंपनी बदलायची असेल तर तो घोळ याच्यात मिसळू नका.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात एक रंगीत तालीम करा. ई-सिम डिलीट न करता दोन दिवस नुसतं बंद ठेवा. आयफोनमध्ये त्या नंबरसमोरचं 'टर्न ऑन धिस लाइन' बंद करायचं, अँड्रॉइडमध्ये सिमच्या यादीत बटण असतं. हे केव्हाही परत चालू करता येतं. या दोन दिवसांत काय काय अडतं ते कागदावर लिहा. दूधवाल्याचं ॲप, औषधांची ऑर्डर, कुठलं तरी विसरलेलं खातं, असं काहीबाही निघतंच.

नवं कार्ड नीट चालू आहे, बाबांनी त्यावरून कोणाशी तरी बोलून पाहिलं आहे, बँकेचा एक तरी मेसेज बाबांच्या फोनवर आला आहे, एवढं झालं की मग डिलीट. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये 'मोबाइल सर्व्हिस', तिथे तो नंबर, आणि खाली 'डिलीट ई-सिम'. सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स', मग 'सिम मॅनेजर'. बाकीच्या अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा 'नेटवर्क अँड इंटरनेट' आणि त्यात 'सिम्स'. शब्द थोडे इकडेतिकडे असतील. दाबण्याआधी दोन्ही सिमना 'मी' आणि 'बाबा' अशी नावं देऊन ठेवा. घाईत स्वतःचाच नंबर उडवणारे कमी नाहीत.

डिलीट केल्यावरही काही गोष्टी फोनमध्ये उरतात. बाबांच्या नंबरचं व्हॉट्सॲप तुमच्याकडे असेल तर ई-सिम गेल्याबरोबर ते बंद पडेल, असं धरू नका. ते खातं त्यातूनच कायमचं काढा. बाबांच्या बँकेचं ॲप असेल तर आधी त्यात नोंदणी रद्द करा, मग ॲप काढा. आणि जुने एसएमएस राहतात. ते मात्र लगेच पुसू नका! दोन वर्षांचे बँकेचे मेसेज तुमचे साक्षीदार आहेत. पासबुकाशी एकदा पडताळून झालं, नणंदेने हवं तर पाहिलं, की मग खुशाल पुसा.

ज्यांना घरचं असं काही नाही, फक्त जुना फोन विकायचा किंवा भाच्याला द्यायचा आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. फोन कोरा करताना ई-सिम ठेवायचं की पुसायचं, हा पर्याय समोर येतो, तेव्हा तो वाचा, आणि नंबर नव्या फोनमध्ये चालू झाल्याशिवाय 'पुसा' दाबू नका. परदेशवारीसाठी घेतलेलं डेटाचं ई-सिम मात्र मुदत संपल्यावर बिनधास्त काढा.

एवढं सगळं करण्याआधी 'संचार साथी' हे सरकारी संकेतस्थळही एकदा उघडा. बाबांच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते तिथे ओटीपी टाकून दिसतं. ओटीपी अजून तुमच्याकडे येतोय तोवरच बघून घ्या. अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच तक्रार करता येते.

राहिले मिस्टर. तुमच्या पत्रात ते एकाच वाक्यापुरते आले आहेत. वडील त्यांचे, बहीण त्यांची, आणि दोन वर्षं ओटीपी सांभाळणाऱ्या तुम्ही. "मोकळी हो" म्हणायला ते मोकळे आहेत, तर बँकेचे अर्ज त्यांनी भरावेत, सकाळी दुकानातही बाबांना त्यांनीच घेऊन जावं. बहिणीला फोनही त्यांनीच करावा आणि काय ठरलंय, कोणी ठरवलंय ते सांगावं. तुम्ही त्या दिवशी शाळेत जा.